परतभेट

विमल गांगुर्डेने वहीत पहिली ओळ लिहिली:
डेलोस. परतीची शेवटची बोट तीन वाजता.
आणि खाली रेघ मारली, जशी आम्ही मारायचो
गठ्ठा पुरा झाल्यावर.

एकोणतीस वर्षं एका टेबलावर
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कोरे पासपोर्ट मोजले.
पान फाटलंय का, शिलाई सैल आहे का,
आकडा उलटा तर नाही.
कुणाकुणाला जग दिलं,
आणि संध्याकाळी गेटवर झडती देऊन
बिटकोपर्यंत चालत आलो,
भेळेचे पैसे अर्धे अर्धे.

आता आमचेही दोन आलेत, पोस्टाने.
विमलने आधी पानं मोजली.
'छत्तीस. बरोबर आहेत.'
मग स्वतःचा फोटो पाहिला.

ग्रीसच का, असं माझी सून विचारते.
सिंगापूर जवळ आहे, पॅकेज आहे,
जेवायला वरणभातसुद्धा देतात.

विमल दर रविवारी त्रिरश्मीवर जाते
(मी पांडवलेणी म्हणते, ती मला दुरुस्त करते),
साठीनंतर पोरासोरांकडून धम्मलिपी शिकली.
तिथल्या एका लेण्यातली ओळ वाचताना
तिचं बोट हवेत चालतं: यो, ण, क.
उत्तरेकडचा कुणी ग्रीक, दोन हजार वर्षांमागे
इथवर आला,
आईबापांच्या नावाने डोंगर कोरवून गेला.
'पिंगळे, पाहुणा येऊन गेला.
आपली परतभेट राहिलीये.'
तो काही त्या बेटाचा नव्हता, मी म्हटलं.
'नसू दे. नीट पत्ता कुठे ठेवलाय त्याने?'

बेट ओसाड आहे. खांब, दगडी सिंह, सरडे.
मुक्काम कुणालाच करता येत नाही.
आणि फार पूर्वी तिथे कायदा होता:
इथे जन्मायचं नाही, इथे मरायचं नाही.
दिवस भरलेल्या बायका, घटका मोजणारे म्हातारे,
होडीत घालून समोरच्या बेटावर नेत.
जुन्या कबरी उकरल्या, त्याही तिकडेच.

हे मी वाचलं पंचवटीत, माझ्या गॅलरीत बसून.
खालून रोजच्यासारखे चौघं चालले होते,
नुकतं मुंडण केलेले, डोकी उन्हात पांढरी,
एकाच्या हातात
लाल फडक्याने तोंड बांधलेलं मडकं.
रामकुंड कुठे, विचारत होते.
मी वरूनच हात दाखवला, डावीकडे, मग खाली.
तेव्हा लक्षात आलं:
आम्ही समोरच्या बेटावरची माणसं.

पैसे आहेत. तिची भिशी, माझी ग्रॅच्युइटी.
गुडघ्याचे पट्टे घेतलेत.
अडचण एकच, व्हिसाला बोटांचे ठसे लागतात,
दहाच्या दहा,
आणि आमची बोटं कागदाने घासून
गुळगुळीत झालीत.
नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला
बँकेतल्या मशीनने तीनदा नाही म्हटलं.
'आजी, तुम्ही हयात दिसत नाही,'
कारकून बोलून गेला
आणि लाजून पाण्याचा ग्लास पुढे केला.
विमल तिथेच हसत सुटली:
'मग त्या बेटावर चालतो की आपण!
जन्म झालाय, मरणही उरकलंय.'

म्हणून रोज रात्री, जेल रोडला, तिच्या गच्चीवर
ग्लिसरीन चोळत बसतो,
एकमेकींची बोटं दिव्यापाशी धरून बघतो.
बोट उमटलं तर बोट मिळेल,
बोट मिळाली तर बेट,
असं ती पाढ्यासारखं म्हणते.
माझ्या अंगठ्यावर एक रेघ परत आलीये,
बारीक,
होडी गेल्यावर पाण्यावर थोडा वेळ राहते तशी.

गुरुवारी मुंबई, सकाळी साडेनऊची वेळ.
विमलने चष्मा पुसला,
वहीत दुसरी ओळ लिहिली:
तिथे सावली नाही. टोप्या दोन.